जॉनी लिव्हरने कंपनी नेमकी कधी सोडली?

अंबडचा_ऑपरेटर

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे पण मी पाल्हाळ लावणार, सांभाळून घ्या.

नाशिकच्या अंबडला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, परमनंट, नऊ वर्षं झाली. वय ३१. नकला लहानपणापासून करतो, शाळेत सरांच्या, गल्लीत निळूभाऊ आणि नाना (ते दोन महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येक पोराला येतातच, त्यात काय कौतुक नाही) आणि आता कंपनीत. तर झालं असं की दसऱ्याला मशीनची पूजा झाली की आमच्याकडे छोटा कार्यक्रम असतो, जिलेबी-फाफडा वाटतात, दोन जण गाणी म्हणतात, यंदा पोरांनी माईक माझ्या हातात दिला आणि मी आमच्या प्लांट हेडची नक्कल केली. साहेबांना सवय आहे, बोलताना चष्मा काढायचा, काच शर्टाला पुसायची, पुन्हा घालायचा आणि मग म्हणायचं "बेसिकली..." आणि त्यापुढे काहीच बोलायचं नाही, समोरच्याने घाबरून स्वतःच बोलायला सुरुवात करायची. मी फक्त तेवढंच केलं. चष्मा काढला, पुसला, घातला, "बेसिकली", आणि गप्प उभा राहिलो. पूर्ण शॉप फ्लोअर लोळत होता हसून. साहेब पण हसले. दुसऱ्या दिवशी एचआरने बोलावून सांगितलं की टॅलेंट चांगलं आहे पण जागा बघून वापरा.

तेव्हापासून आमचा एक मित्र मागे लागलाय, "अरे भो, जॉनी लिव्हर पण असाच कंपनीतून गेला, साहेबांच्या नकला करून." आता कॅन्टीनमध्ये यावर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते त्याने बाजीगर हिट झाल्यावर नोकरी सोडली, दुसरी म्हणते कंपनीनेच काढून टाकलं. खरं काय? आणि दुसरं, नुसत्या नकला करणारा माणूस पुढे नट कसा होतो? कारण मी कॉलेज रोड, गंगापूर रोडला चार ओपन माईक केलेत, दोन गेले दोन पडले, आणि एका शॉर्ट फिल्मवाल्याने बोलावलं होतं तिथे मी पूर्णच आपटलो. कॅमेरा समोर आला की चेहरा लाकडाचा होतो.

हो, नोकरी सोडायचा विचार डोक्यात आहे. शिव्या नंतर घाला, आधी उत्तर द्या.

पंचवटी_पासधारक

दोन्ही पार्ट्या चुकीच्या. मी या माणसाचा जुना फॅन आहे आणि रोज पंचवटी एक्सप्रेसमध्ये जाऊन येऊन सात-आठ तास बसून त्याच्या मुलाखती बघण्यापलीकडे मला काम नसतं, त्यामुळे क्रमाने सांगतो.

खरं नाव जॉन प्रकाश राव जनुमला. जन्म १९५७, मूळ आंध्रातल्या कनिगिरीचा, वाढला मुंबईत धारावीत. घरात सगळ्यात मोठा, मागे भावंडं, वडील हिंदुस्तान लिव्हरमध्येच ऑपरेटर होते (बघ, तुझीच पोस्ट). शाळा सातवीपर्यंत, मग पैशापायी सुटली. रस्त्यावर पेन विकायचा, आणि नुसते विकायचा नाही तर नटांच्या आवाजात विकायचा, म्हणजे त्याचं पहिलं ओपन माईक फुटपाथवर झालं आणि तिथे कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, पेन घेतलं तर जोक लागला असं समजायचं. काही दिवस हैदराबादच्या जुन्या शहरात याकुतपुऱ्याला होता, तिथली बोलायची ढब उचलली.

मग वडिलांच्या कंपनीत लागला, कामगार म्हणून. शंभर किलोच्या वरचे ड्रम उचलायचं काम. तिथे युनियनच्या कार्यक्रमात त्याने साहेबांच्या नकला केल्या, आणि कामगारांनीच म्हटलं की आजपासून तू जॉन राव नाहीस, जॉनी लिव्हर. म्हणजे नाव कंपनीने दिलेलं नाही आणि कोणी स्पॉन्सर केलेलं पण नाही, ते सोबतच्या लोकांनी ठेवलेलं आहे. गंमत म्हणजे कंपनीने स्वतःचं नाव २००७ ला बदलून हिंदुस्तान युनिलिव्हर केलं, हा मात्र लिव्हरच राहिला.

आता मुद्द्याचं. नोकरी सोडली १९८१ ला. बाजीगर आला १९९३ ला. मध्ये बारा वर्षं. म्हणजे कॅन्टीनमधल्या पहिल्या पार्टीला चहा पाजायला लाव. आणि काढून वगैरे पण टाकलं नाही, झालं असं की स्टेज शो एवढे वाढले की कामावर खाडे पडायला लागले, आणि शोमधून पैसे व्यवस्थित यायला लागले होते, तेव्हा त्याने स्वतः सोडली. हा फरक लोक विसरतात. तो सोडून शो शोधायला गेला नाही, शोमुळे जायला जमेना म्हणून सुटली.

आणि कल्याणजी-आनंदजींच्या ग्रुपबरोबर तो कंपनीत लागायच्या आधीपासून स्टेजवर जात होता. १९८२ ला त्यांच्याबरोबर आणि अमिताभबरोबर परदेशात मोठा दौरा केला. त्याच वर्षी सुनील दत्तने 'दर्द का रिश्ता'मध्ये पहिला रोल दिला. कसारा आला, रेंज जाईल, बाकी नंतर.

कडू_कारलं

बघ रे ऑपरेटर, वरचं सगळं खरं असेल पण तुझा मित्र तुला एका जॉनी लिव्हरचं उदाहरण देतोय. त्या काळात प्रत्येक ऑर्केस्ट्रात एक मिमिक्रीवाला असायचा. मुंबईत किती ऑर्केस्ट्रा होते विचार कर. बाकीचे सगळे कुठे गेले? त्यांची नावं तुला माहीत नाहीत, तिथेच तुझं उत्तर आहे.

आणि राजू श्रीवास्तवचं बघ. कानपूरहून मुंबईत आला ऐंशीच्या दशकात. १९८८ ला तेजाबमध्ये आहे, १९८९ ला मैंने प्यार कियामध्ये आहे, पुन्हा बघशील तर सापडेल, एवढे एवढे रोल. लोकांना नाव कळलं २००५ ला, टीव्हीवर लाफ्टर चॅलेंज आलं तेव्हा. तो पण ती स्पर्धा जिंकला नव्हता, जिंकला सुनील पाल, पण राजूने रंगवलेला गजोधर घराघरात गेला. मधली सोळा-सतरा वर्षं कशी काढली असतील त्याने? तुझ्याकडे सोळा वर्षं आहेत का? हप्ता किती आहे ते सांग आधी.

गोदाकाठचा_काका

कारल्याचा मुद्दा बरोबर आहे पण सांगायची पद्धत नावाप्रमाणे.

मी ऑर्केस्ट्राचा काळ पाहिलेला माणूस आहे, म्हणून थोडं सांगतो. तुम्हा मुलांना वाटतं की मिमिक्रीवाला म्हणजे कार्यक्रमाचा एक भाग. तसं नव्हतं. तो भोक बुजवायचा. गायिका साडी बदलतेय, कीबोर्डवाल्याची वायर सुटलीय, मुख्य गायक अजून द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय, की याला ढकलायचा पुढे, "जा, दहा मिनिटं काढ". दहाची पाच करायची की पंचवीस, ते त्याच्या हातात नाही, विंगेतून कोणीतरी हात हलवणार त्यावर. समोर पब्लिक आशा-किशोरची गाणी ऐकायला आलेलं, ह्याला कोणी बोलावलेलं नाही. अशा पब्लिकला जो रोज हसवून दाखवेल त्याला कॅमेऱ्याची भीती काय घालता? जॉनी लिव्हर या तालमीतून आला. आताचं ओपन माईक म्हणजे समोर वीस जण, त्यातले पंधरा जण स्वतःचा नंबर येण्याची वाट बघत बसलेले कॉमेडियनच. (मुलाबरोबर एकदा जाऊन आलो आहे. कॉफी दोनशे चाळीस रुपये.)

आणि कॅसेट! 'हंसी के हंगामे' नावाची त्याची कॅसेट होती. सिनेमात लोकांनी तोंड ओळखायच्या आधी आम्ही आवाज ओळखत होतो. त्र्यंबकला जाणाऱ्या एका काळीपिवळीवाल्याकडे ती होती, बारा जण कोंबलेले, दोघं लोंबकळत, आणि गाडीत जॉनी लिव्हर चालू. त्याची कॅसेट एका ठिकाणी ताणली गेली होती, तिथे आला की आवाज एकदम जाड व्हायचा, रडल्यासारखा, आणि पुन्हा ताळ्यावर यायचा. आमच्या भाच्याने ती अख्खी कॅसेट पाठ केली होती आणि लग्नात करून दाखवायचा, तर त्या जागी आला की तो पण आवाज जाड करायचा. त्याला वाटायचं की जोकच तसा आहे. आणि लोक तिथेच सगळ्यात जास्त हसायचे, आता बोला!

अजून एक. स्टँडअप तुम्हाला दहा-पंधरा वर्षांपूर्वी कळलं. आपल्याकडे तमाशात बतावणी होती, सोंगाड्या समोरच्या माणसाला धरून, गावच्या पाटलाला धरून जागेवर बोलायचा. दादा कोंडके तिथूनच आले. बँडमध्ये वाजवायचे, सेवादलात कामं केली, मग वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चे हजाराच्या वर प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगात त्या दिवशीच्या पेपरातलं काहीतरी घुसवलेलं. भालजी पेंढारकरांनी 'तांबडी माती'त घेतलं ते १९६९ ला, आणि 'सोंगाड्या' १९७१. पुढे नऊ सिनेमे ओळीने रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नाव. तर हजार प्रयोग आधी, सिनेमा नंतर. आमच्या पिढीला याचं आश्चर्य वाटत नाही.

अंबडचा_ऑपरेटर

काका, काळीपिवळीचा किस्सा कंपनीत सांगणार, परवानगी असू द्या.

कारलं भाऊ, हप्ता ११ हजार. पाथर्डी फाट्याला वन बीएचके घेतलाय. हातात २८ येतात, ओव्हरटाईम धरून ३२. बायको पार्लर चालवते घरातच, तिचं कमी-जास्त. ओपन माईकला उलटं आपणच दोनशे रुपये भरतो, वर पेट्रोल. म्हणजे आत्तापर्यंत कॉमेडीतली माझी कमाई उणे आठशे. हसू नका. किंवा हसा, तिथे कोणी हसलं नाही.

तिसरी_घंटा

ऑपरेटर दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोलतच नाहीये, लाकडाच्या चेहऱ्यावर. मी बोलते, कारण मी त्यातून गेलेय.

मी राज्य नाट्य स्पर्धेत नाशिक केंद्रावर पाच-सहा वर्षं कामं केली, प. सा. नाट्यगृहात मागच्या भिंतीपर्यंत आवाज पोचवायची सवय हाडात बसलेली. मग एका सीरियलमध्ये दोन दिवसांचा रोल मिळाला, शेजारीण. पहिला शॉट, मी माझं वाक्य टाकलं आणि सवयीने थांबले. हशा येणार ना! तिथे कसला हशा. साऊंड चालू असताना अख्खं युनिट दगड होऊन उभं असतं, लाईटदादा जांभई पण आवाज न करता देतात. मी थांबले ती थांबलेच, समोरच्या नटीला वाटलं मी वाक्य विसरले, तिने मला हळूच प्रॉम्प्ट केलं. कट. डिरेक्टर म्हणाले, ताई, कॉलरला लेपल माईक लावलाय तुम्हाला, गॅलरीला ऐकवू नका. दुसऱ्या टेकला मी इतकी दबले की त्यांनी विचारलं बरं वाटत नाहीये का.

स्टेजवर आपली लय पब्लिकच्या हशावर चालते. हशा चढला की थांबायचं, उतरायला लागला की पुढचं वाक्य त्यावर चढवायचं. कॅमेऱ्यासमोर तो धागाच तुटतो, तिथे हशा मनात मोजावा लागतो, आणि आपण मोजलेली थांबायची जागा एडिटर ठेवेलच असं पण नाही. नकला करणाऱ्याला अजून एक अडचण असते. नक्कल म्हणजे दुसऱ्याचं बाहेरचं सगळं पकडणं, आवाज, चष्मा, मान. आणि सीनमध्ये समोरचा बोलत असतो तेव्हा तुम्हाला काहीच 'करायचं' नसतं, फक्त ऐकायचं असतं. तिथेच चेहरा लाकडाचा होतो. तुमचा पण तिथेच झाला असणार, पैजेवर सांगते, तुमच्या वाक्यावर नाही, दुसऱ्याच्या वाक्यावर.

आता जॉनी लिव्हरचं. मला तो सगळ्यात आवडतो ते 'बाजीगर'मध्ये. आठवतो ना, विसराळू नोकर बाबूलाल. अब्बास-मस्तानचा सूडाचा सिनेमा, खून पडतायत, आणि मध्येच हा. त्या कथेतून बाबूलाल काढला तरी कथेला काही होत नाही, कारण तेव्हा कॉमेडी ट्रॅक वेगळाच असायचा, पाच मिनिटांचे तुकडे, आणि ते तुकडे लिहिलेले फार नसायचेच, नटाने सेटवर भरायचे. तो स्वतः मुलाखतींमध्ये सांगतो की त्यातलं बरंचसं त्याने जागेवर रचलंय. काकांनी सांगितलं ना, "जा, दहा मिनिटं काढ", तेच! फक्त विंगेच्या जागी कॅमेरा. म्हणजे त्या वेळचा हिंदी सिनेमा स्टेजवाल्याला सोयीचा होता, त्याला त्याचंच काम करायला बोलवायचे.

आणि तो नुसता बोलत नाही, हे पण बघा. बाबूलाल जेव्हा काहीतरी विसरतो तेव्हा आधी डोळे विसरतात, मग मान, मग हात हवेत राहतो. तोंडातून शब्द शेवटी येतो. म्यूट करून बघा एकदा, तरी हसाल. तुम्ही दसऱ्याला चष्मा पुसून गप्प उभे राहिलात ना, ते याच जातीचं आहे. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती पटकन सांगून पुढे गेलात.

पंचवटी_पासधारक

रेंज आली. घंटाताईंच्या पोस्टला माझं पण एक जोडतो, बारा वर्षांचा मधला हिशोब राहिला होता.

१९८२ ला पहिला सिनेमा आला म्हणून गाडी सुटली असं नाही झालं. छोटी छोटी कामं, आणि पोट स्टेजवर. १९८६ ला होप ८६ म्हणून इंडस्ट्रीचा मोठा चॅरिटी शो झाला, तिथे याला दोन आयटमच्या मध्ये उभं केलं होतं, पुन्हा तेच भोक बुजवायचं काम. पण यावेळी समोर सगळी फिल्म इंडस्ट्री बसलेली. तिथे गुल आनंद या निर्मात्याने त्याला पाहिलं आणि 'जलवा'त घेतलं, १९८७, नसीरुद्दीन शाहबरोबर. मग 'तेजाब' वगैरे, आणि मग १९९३.

त्यानंतर मात्र सुट्टी नाही. करण अर्जुन, राजा हिंदुस्तानी, कुछ कुछ होता है, बादशाह... नव्वदच्या दशकात थेटरात हा दिसला नाही असा महिना काढून दाखवा. 'दीवाना मस्ताना' आणि 'दुल्हे राजा', या दोन्हींसाठी फिल्मफेअर मिळालं, नामांकनं एकूण तेरा. सिनेमे तीनशेच्या वर.

आणि दुल्हे राजात बघा, समोर कादर खान आणि गोविंदा. दोघंही टायमिंगचे बाप. हा हॉटेलमालक कादर खानच्या हाताखालचा माणूस, मधल्या मध्ये चेपला जाणारा. एकटा असताना पाच मिनिटं खाणारा माणूस इथे एकेका वाक्यावर भागवतो, बाकी वेळ दोघांकडे बघत राहतो, आणि ते बघणंच हसवतं. घंटाताई म्हणतात ते 'ऐकणं' इथे दिसेल.

कडू_कारलं

घंटाताईंनी नकळत माझंच म्हणणं मांडलंय. तो कॉमेडी ट्रॅक आता आहे कुठे? २००० ला 'हेरा फेरी' आला, तिघंही मुख्य रोलवाले आणि तिघंही कॉमेडी करणारे. गोविंदा आधीपासून स्वतःच करत होता. हिरोच हसवायला लागल्यावर वेगळ्या बाबूलालला कोण बोलावणार? जॉनी लिव्हर स्वतः दोन हजारनंतर कमी दिसायला लागला, मग गोलमालच्या भागांमध्ये वगैरे येतो, येतो आणि खाऊन जातो, पण पूर्वीसारखं महिन्याला एक नाही. ज्या दारातून तो आत गेला ते दार बुजलंय, आणि आपला ऑपरेटर त्या दारासमोर नोकरी सोडून उभा राहायचं म्हणतोय.

तिसरी_घंटा

ते दार बुजलं हे मान्य. पण दुसरी उघडलीत ना. भाऊ कदम बघा, वर्षानुवर्षं नाटकं, डोंबिवलीत पानाची टपरी टाकून घर चालवलं, 'फू बाई फू' केलं, आणि २०१४ ला एकाच वर्षात जानेवारीत 'टाईमपास'मध्ये दगडूचा बाप आणि पुढे 'चला हवा येऊ द्या'. टाईमपासमधला तो बाप रिक्षावाला आहे, आणि हसवता हसवता एक-दोन जागी असा गप्प होतो की पोटात कालवतं. कपिल शर्मा घ्या, २००७ ला लाफ्टर चॅलेंज जिंकलेला, टीव्हीवर एवढं नाव केलं, आणि नंदिता दासच्या 'झ्विगॅटो'मध्ये डिलिव्हरी बॉय झालाय, त्यात पंच मारायला जागाच नाही, नुसता गाडीवर फिरतो, फोनकडे बघतो. मला तो सिनेमा पूर्ण आवडला असं नाही, पण तो माणूस त्यात आवडला. आणि जॉनीची मुलगी जेमी, लंडनला मार्केटिंग शिकून आलेली, तिने पण आधी स्टेज धरलं, मग सिनेमा. बापाचं नाव असताना.

कडू_कारलं

तीन नावं झाली. मी पुन्हा विचारतो, बाकीचे कुठे गेले.

गोदाकाठचा_काका

बाकीचे नोकरी करून गणपतीत कार्यक्रम करतात आणि सुखी आहेत. त्यांना काय झालंय? माझ्या ओळखीतला एक जण ३४ वर्षं नोकरीत होता, दरवर्षी गणेशोत्सवात दहा दिवस हाऊसफुल्ल, सिडको ते सातपूर रिक्षाने मंडळं फिरायचा, एका रात्री तीन-तीन कार्यक्रम. सिनेमात गेला नाही. पेन्शन खातोय, आणि अजून बारशाला जरी बोलावलं तरी अशोक कुमार करून दाखवतो. (कोणालाच अशोक कुमार माहीत नाही आता, तो करतो आणि आम्ही चार म्हातारे हसतो.)

ऑपरेटर, तू घरी विचारलंस का?

अंबडचा_ऑपरेटर

विचारलं काका. बायको म्हणाली, तुझे साहेबांचे जोक कंपनीतल्या लोकांनाच कळतात, बाहेर कोणाला काय माहीत तुझा साहेब. मला राग आला आधी. मग विचार केला तर जे दोन ओपन माईक पडले ते दोन्ही कंपनीचे होते, टूल तुटलं, रिजेक्शन आलं, क्वालिटीवाला कसा येतो वगैरे, समोर कॉलेजची पोरं, त्यांना रिजेक्शन म्हणजे मुलीने नाही म्हटलेलं. आणि जे दोन चालले ते पार्लरचे होते! म्हणजे घरात पार्लर असलेल्या नवऱ्याचे. सुट्टीच्या दिवशी मला माझ्याच घरात हॉलमध्ये यायला परवानगी लागते, कोणाच्या तरी तोंडाला काहीतरी लावलेलं असतं, मी बेडरूममध्ये कैद, पाणी पाहिजे तर मिस कॉल द्यायचा. ते मी नुसतं सांगितलं, नक्कल नाही काही नाही, तर तिथे लोक हसले.

पासधारक भाऊ, ती खाडे वाढले म्हणून सोडली ही गोष्ट डोक्यात बसली. माझे खाडे किती आहेत? शून्य. उलट ओपन माईकच बुडवलेत शिफ्टमुळे. मित्राला सांगितलं तर तो म्हणे, मग खाडे पाडायला लाग! असे मित्र आहेत.

घंटाताई, तुम्ही पैज जिंकलात. शॉर्ट फिल्मचं रॉ फुटेज त्या पोराकडून मागवून बघितलं. माझ्या वाक्यांना बरा आहे. समोरची बाई बोलते तेव्हा मी तिच्या तोंडाकडे असा बघतोय जसा मशीनच्या डिस्प्लेकडे बघतो, एरर कधी येतोय याची वाट बघत.

तिसरी_घंटा

हाहाहा ती शेवटची ओळ स्टेजवर घ्या.

ऐका, आमच्या ग्रुपचं रविवारी वाचन असतं, गंगापूर रोडला एकाच्या घरी गच्चीवर, एकांकिका बसवतोय. एक रोल आहे, हवालदार, वाक्यं फक्त चार, पण पूर्ण वेळ स्टेजवर बसून ऐकायचं आहे. आमच्याकडे कोणी घ्यायला तयार नाही कारण वाक्यं चारच. तुम्हाला हाच पाहिजे. पैसे मिळणार नाहीत, चहा मिळेल, भरायचे पण नाहीत काही. संध्याकाळी सहा.

पंचवटी_पासधारक

जा रे ऑपरेटर. आणि जॉनीच्या मुलाखती बघताना एक बघ, तो अजून पण बोलता बोलता जुन्या कंपनीतल्या लोकांची नक्कल करतो. चाळीस वर्षं झाली सोडून. त्या साहेबांना आपण कधी बघितलेलं नाही, तरी हसतो. वहिनींच्या मुद्द्यावर हे एकदा विचार करण्यासारखं आहे, की जॉनीचा साहेब आपल्याला कळतो आणि तुझा कॉलेजच्या पोरांना का नाही कळला. मला वाटतं तो कंपनी सांगत नाही, घाबरलेला कामगार सांगतो. तुझ्या 'बेसिकली'त पण तेच आहे, गप्प साहेब आणि घाबरून बडबडणारा समोरचा. रिजेक्शन-बिजेक्शन काढ त्यातून.

कडू_कारलं

हे मात्र बरोबर बोललास. मी आयटीत आहे, माझा मॅनेजर पण म्यूट करून असाच बघत बसतो.

अंबडचा_ऑपरेटर

ताई, येतो. अडचण एकच, या रविवारी मला सेकंड शिफ्ट लागलीय, ऑर्डर आहे म्हणून रविवार पण चालू. बदली शोधतोय. इथे अंबडचं कोणी असेल आणि फर्स्ट देऊन सेकंड घेणार असेल तर सांगा, पुढच्या महिन्यातले दोन देतो बदल्यात. आणि नाहीच मिळाला तर... बघू. नऊ वर्षांत पहिला.

गोदाकाठचा_काका

हवालदार करताना निळूभाऊ आणू नकोस म्हणजे झालं.

तिसरी_घंटा

पत्ता मेसेजमध्ये टाकते. गाडी मेन रोडला लावू नका, टोइंगवाले रविवारी पण फिरतात, आतल्या गल्लीत डेअरीच्या शेजारी लावा.